उघड्या मैदानात ‘स्टार ट्रेक’: ठाण्यात हौशी प्रयोग उभा करताना

ठाण्यात नाटकाचं वेड जुनं आहे. गडकरी रंगायतनला प्रयोग बघत मोठी झालेली माणसं इथल्या जवळपास प्रत्येक सोसायटीत सापडतात. त्यातल्याच अनेकांनी ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानाची अमेरिकी मालिका पाहिली आणि ते यान त्यांच्या डोक्यातून कधी उतरलंच नाही. ही दोन वेडं एकत्र आणून, मोकळ्या जागेत, विनातिकीट, मराठीतून एक भाग सादर करायचा असं तुमच्या मनात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आम्ही या वाटेने गेलो आहोत. नाटक बसवण्यापेक्षा कुठल्या खिडकीवर कुठला कागद द्यायचा यातच नवखा माणूस जास्त दमतो. ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

अशी कल्पना याआधी जगात राबवली गेली आहे. अमेरिकेतल्या पोर्टलँड शहरात २००९ ते २०१३ या काळात दर उन्हाळ्यात ‘ट्रेक इन द पार्क’ व्हायचं. मूळ मालिकेतला एक भाग, बागेत, फुकट. त्यांनी भाग प्रामाणिकपणे, पात्रांवर विश्वास ठेवून केले. माझं पहिलं आणि सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे: विडंबन करू नका. साठच्या दशकातले ते पुठ्ठ्याचे खडक बघून थट्टा सुचते, पण उघड्यावर दहा मिनिटांत विनोद संपतो आणि उरलेला पाऊण तास ओढावा लागतो. नट मनापासून बोलत असेल, तर लोक टी-शर्टमधल्या माणसाला कप्तान मानतात.

१. भाग निवडताना आधी तुमची माणसं मोजा

मूळ मालिका १९६६ ते १९६९ चालली आणि तिचे ७९ भाग प्रसारित झाले. प्रत्येक भाग साधारण ५० मिनिटांचा, सुरुवातीला एक छोटा प्रवेश आणि मग चार अंक. ही रचना रंगमंचासाठी तयारच आहे. जिथे जाहिराती यायच्या तिथे तुमचा नेपथ्यबदल.

‘अरीना’ सगळ्यांना आठवतो, कारण त्यात कप्तान सरड्यासारख्या गॉर्नशी लढतो. पहिल्या वर्षी तो घेऊ नका. ठाण्याच्या दमट हवेत अंगभर रबरी पोशाखात माणूस अर्धा तास उभा राहू शकत नाही. ‘अमॉक टाइम’चा उत्तरार्ध व्हल्कन ग्रहावरच्या उघड्या रिंगणात घडतो, त्यामुळे मैदानाला तो शोभतो, पण द्वंद्व नीट बसवणारा जाणकार हवा. ‘बॅलन्स ऑफ टेरर’ मला फार प्रिय आहे. दोन यानं, दोन सेनानी, जे एकमेकांसमोर कधी उभे राहत नाहीत. रंगमंचाचा डावा भाग एक यान, उजवा भाग दुसरं, एवढ्यावर ते उभं राहतं. फक्त त्यातली शांतता नवख्या संचाला पेलत नाही.

पहिल्या प्रयोगासाठी ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ घ्या. १९६७ चा भाग. अंतराळस्थानकावर धान्याची कोठारं, त्यावर डोळा ठेवून असलेले क्लिंगॉन, म्हणजे परग्रहावरचे शत्रू, आणि खाऊन खाऊन वाढत जाणारे केसाळ गोळे, म्हणजेच ट्रिबल. हसू यातच आहे, वरून घालावं लागत नाही. माणसं भरपूर लागतात, म्हणजे सोसायटीतल्या प्रत्येकाला काहीतरी काम मिळतं. मुलं तर ट्रिबल फेकायलाच येतात.

भूमिका वाटताना मूळ पात्र पुरुष की बाई याकडे बघू नका. मूळ मालिकेत बायकांना कमी वाव होता आणि हौशी संचात उत्तम काम करणाऱ्या बायकाच जास्त असतात. कप्तान बाई असेल तर क्रियापदं बदला आणि पुढे चला.

२. हक्कांचं आधी समजून घ्या

हे कंटाळवाणं वाटलं तरी वगळू नका. भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या कलम ५२ नुसार हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला सवलत आहे. पण ती प्रयोगापुरती. भाषांतर आणि रूपांतर हे कलम १४ खाली मालकाचे वेगळे हक्क आहेत. म्हणजे “आम्ही तिकीट लावत नाही” एवढं म्हणून मराठी संहितेचा प्रश्न सुटत नाही. हक्क पॅरामाउंट या अमेरिकी चित्रपट कंपनीकडे आहेत. त्यांना लेखी विचारा, आणि कॉपीराइट जाणणाऱ्या वकिलाला कागद एकदा दाखवा. परवानगी नसेल तर दुसरा रस्ता आहे आणि तोही सुंदर आहे: स्वतःचं यान, स्वतःचा कप्तान, स्वतःची कथा, मालिकेच्या वृत्तीने लिहिलेली. खालचं सगळं त्यालाही जसंच्या तसं लागू पडतं.

सापळा व्हिडिओचा आहे. प्रयोग झाला की कुणीतरी तो पूर्ण यूट्यूबवर टाकतं. चाहत्यांच्या चित्रफितींसाठी हक्कधारकांनी २०१६ मध्ये नियम जाहीर केले आहेत: एक कथा १५ मिनिटांची, फार तर दोन भाग मिळून ३० मिनिटं, शीर्षकात ‘स्टार ट्रेक’ हे शब्द नकोत, काम करणारे हौशी आणि बिनमानधनाचे, त्यातून कमाई नाही. तुमचा तासाभराचा प्रयोग यात बसत नाही. फोटो टाका, पूर्ण चित्रीकरण नको, आणि हे प्रयोगाआधी प्रेक्षकांनाही सांगा. मालिकेचं शीर्षकसंगीतही वाजवू नका. तुमच्यातला कीबोर्डवाला चार सुरांची स्वतःची धून सहज बांधेल.

३. जागा

पहिला प्रयोग राहत्या गृहसंकुलाच्या आवारात करा असं मी आग्रहाने सांगेन. घोडबंदर रोडवरच्या मोठ्या संकुलांत हिरवळ, भिंत, वीज, स्वच्छतागृह, सुरक्षारक्षक सगळं असतं, आणि जागेसाठी व्यवस्थापन समितीचं एक पत्र पुरतं. दुसऱ्या प्रयोगाला बाहेर पडा.

बाहेर बघायचं तर उपवन तलावाकाठी पायऱ्यांचं खुलं प्रेक्षागृह आहे. तलावपाळीची गर्दी हक्काची, पण तिथे गाड्यांचे हॉर्न, भेळवाल्यांच्या हाका आणि रविवारची माणसं यांच्यावर तुमचा आवाज चढणार नाही. गावदेवी मैदानासारख्या जागा शहराच्या मध्यात असल्याने येणं-जाणं सोपं, पण हिवाळ्यात मैदानांवर क्रिकेटचे सामने लागतात. येऊरचा मोह मात्र टाळा. झाडी परग्रहासारखी दिसते हे खरं, पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. तिथे ध्वनिक्षेपक आणि गर्दी नेणं योग्य नाही.

जागा पक्की करण्याआधी, प्रयोग ज्या वारी आणि ज्या वेळी करणार त्याच वारी, त्याच वेळी तिथे जाऊन पूर्ण तासभर बसा. मंदिराची आरती, शेजारचं लग्नाचं सभागृह, संध्याकाळी सुरू होणारे पाण्याचे फवारे, डास: हे सगळं त्या तासात कळतं.

४. परवानग्या आणि कागद

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

संहितेपासून सुरुवात करा. सार्वजनिक प्रयोगाआधी ती रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, देऊन प्रमाणपत्र घ्यायचं असतं. हौशी मंडळी “आपलं कुठे व्यावसायिक नाटक आहे” म्हणून हे सोडून देतात आणि आठवडा उरला असताना पोलीस ठाण्यात अडकतात. संहिता पूर्ण झाली की त्याच आठवड्यात हे काम हाती घ्या. प्रमाणपत्रानंतर संवाद बदलत बसू नका.

मग जागा. महापालिकेची जागा असेल तर बागेसाठी उद्यान विभाग आणि मैदानासाठी मालमत्तेचं काम बघणारा विभाग, पण मुख्यालयात थेट जाण्याआधी तुमच्या प्रभाग समितीच्या कार्यालयात चौकशी करा. नौपाडा-कोपरी, उथळसर, वर्तकनगर, माजिवडा-मानपाडा अशा प्रभाग समित्या आहेत. जागा नेमकी कुणाच्या ताब्यात आहे हे तिथे कळतं. कधी जागा पालिकेची आणि देखभाल दुसऱ्याची असते. अशा वेळी दोघांचंही पत्र लागतं.

शेवटी स्थानिक पोलीस ठाणं: कार्यक्रमाची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी. ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीचं १०० मीटरपर्यंतचं क्षेत्र शांतता क्षेत्र असू शकतं. ठाण्यात इतक्या अंतरात एखादं नर्सिंग होम सहज निघतं, तेव्हा नकाशावर आधी बघून घ्या.

सोबत एक फाइल ठेवा, तिच्यात हे हवं:

– अर्ज, दोन प्रतींत, मंडळाच्या लेटरहेडवर किंवा साध्या कागदावर जबाबदार व्यक्तीच्या सहीने
– त्या व्यक्तीच्या आधार कार्डाची प्रत
– संहिता आणि परिनिरीक्षणाचं प्रमाणपत्र
– कलाकार व स्वयंसेवकांची यादी, फोन नंबरांसह
– जागेचा हाताने काढलेला नकाशा: रंगमंच, प्रेक्षक, येण्याजाण्याच्या वाटा, विजेची जोडणी
– तारीख, पर्यायी तारीख, सुरू आणि संपण्याची वेळ, अपेक्षित प्रेक्षकसंख्या
– प्रवेश विनामूल्य असल्याचं आणि जागा स्वच्छ करून देण्याचं हमीपत्र
– भाडं आणि अनामत रकमेच्या पावत्या

अर्ज दिला की तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढच्या वेळी बोलणं त्या क्रमांकावरूनच सुरू होतं. “करून टाका हो, कोण बघतंय” या तोंडी होकारावर विसंबून कधीही तारीख जाहीर करू नका. होकार देणारा भला असतो, पण त्या दिवशी कामावर दुसराच असतो.

मांडव घालू नका. मांडव आला की बांधणी, अग्निशमन, ठेकेदार असं सगळं मागे येतं. उघडं आकाश असताना तो हवाच कशाला?

५. संहिता बसवताना

पडद्यावरचं निम्मं काम कॅमेरा करतो. जवळून दिसणारा चेहरा, भुवई, नजर. तीस फुटांवरून यातलं काही दिसत नाही. म्हणून भाग बघत बघत एक वही करा: कुठली गोष्ट संवादातून कळते आणि कुठली फक्त चित्रातून. चित्रातून कळणाऱ्या प्रत्येक गोष्टीसाठी एक वाक्य किंवा एक ठळक हालचाल शोधा.

अरे-तुरेचा निर्णय पहिल्याच वाचनात घ्या आणि तो मोडू नका. आम्हाला पटलेली मांडणी अशी: कामावर सगळे ‘तुम्ही’, टोकदार कानांचा, भावना न दाखवणारा परग्रहावरचा अधिकारी स्पॉक कायम ‘तुम्ही’, आणि कप्तान व यानावरचा डॉक्टर दोघेच असताना ‘तू’. तेवढ्याने त्यांची मैत्री प्रेक्षकांना कळते. स्कॉटिश ढंगात बोलणाऱ्या अभियंत्याला, स्कॉटीला, मालवणीत बोलायला लावण्याचा मोह होईल. तुमचा नट त्याच मातीतला असेल तरच करा, उसनी बोली कानाला टोचते.

आकडे जपा. स्पॉक सांगतो की एका ट्रिबलपासून, दर बारा तासांनी दहा पिल्लं धरली, तर तीन दिवसांत १७,७१,५६१ होतात. हे गणित बरोबर आहे: प्रत्येक वेळी संख्या अकरापट, असं सहा वेळा. “सतरा लाख एकाहत्तर हजार पाचशे एकसष्ट” हे न अडखळता, चेहरा न हलवता म्हणता येईपर्यंत त्या नटाला सोडू नका. प्रेक्षागृहातली आठवीतली मुलं घरी जाऊन हिशेब करून बघतात.

६. यान

फर्निचर कमीत कमी ठेवा. मधोमध कप्तानाची खुर्ची, तिच्यापुढे दोघांचं एक टेबल, मागे अर्धवर्तुळात दोन-तीन उंच मेजं. ऑफिसमधली हातवाली खुर्ची चालते, पण चाकं काढून. गवतावर चाकं रुततात आणि फरशीवर पळतात. मेजांना काळा कागद आणि त्यावर रंगीत बाटल्यांची झाकणं. दिवे लावू नका, उजेडात दिसत नाहीत.

मोठा पडदा, ज्यात ते अंतराळ बघतात, तो प्रेक्षकांच्या बाजूला आहे असं धरा. शेवटच्या रांगेमागे, डोक्याच्या वर, काठीला लाल फडकं बांधा आणि प्रत्येकाने ‘पडद्याकडे’ बघायचं म्हणजे त्या फडक्याकडेच. सातजण सात दिशांना बघत असतील तर यान नाहीसं होतं. सगळ्यांची नजर एका बिंदूवर गेली की प्रेक्षक मागे वळून बघतात. हा क्षण मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे आणि दर वेळी अंगावर काटा येतो.

यानाला धक्का बसण्याचा प्रसंग वेगळा बसवा. संवादात एक ठरलेला शब्द, तो आला की सगळे आधी डावीकडे, एक अंक मोजून उजवीकडे, मग आपापल्या जागी. डोकं आधी, खांदे नंतर, पाय जागेवर. खुर्चीतला माणूस हाताला धरतो, उभा असलेला मेजाला. तालमीत एकाने फक्त अंक मोजावेत. हे समूहाने केलेलं कवायतीचं काम आहे, आणि ते जमलं की टाळी हमखास.

माणसाला क्षणात यानातून ग्रहावर पोहोचवणाऱ्या यंत्राची, ट्रान्सपोर्टरची, कल्पनाच मुळात पैसे वाचवण्यासाठी आली, कारण दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवणं परवडणारं नव्हतं. मूळ मालिकेत तो झगमगाट अॅल्युमिनियमची पूड प्रकाशात सोडून चित्रित केला होता. आपल्याकडे लग्नातल्या अंतरपाटासारखं चंदेरी नेटचं कापड दोघांनी धरायचं, हळूहळू हलवत वर न्यायचं, मागची माणसं स्तब्ध. कापड खाली आलं की जागा रिकामी. मागून निघायला एक फळी किंवा झाड हवं, एवढंच. दाराचा ‘श्श’ आवाज यंत्राने करू नका. माईकजवळ बसलेला एकजण तोंडाने करतो तेव्हा तो नटाच्या पावलाशी तंतोतंत जुळतो.

कोठार उघडताच कप्तानाच्या अंगावर ट्रिबल कोसळतात, तो या भागाचा कळस. रंगवलेल्या फळीमागे दोन भक्कम घडवंच्या, त्यावर दोन सांभाळून वागणारी मोठी माणसं, हातात पोती. एकदम ओतायचं नाही. एक लोंढा, मग थांबून एकेक, कप्तानाचं बोलणं चालू असतानाही. मूळ चित्रीकरणातही वरून माणसंच टाकत होती. घडवंचीवर मुलांना चढवू नका.

७. आवाज

ऐकू आलं नाही तर बाकी सगळं वाया. बंद नाट्यगृहात भिंती आवाज परत देतात. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो आणि परत येत नाही. म्हणून रंगमंचामागे भिंत असलेली जागा निवडा, प्रेक्षक अर्धवर्तुळात बसवा, आणि शेवटची रांग १२ मीटरच्या आत ठेवा. दीडशे माणसं यात आरामात बसतात. जास्त आली तर दुसरा प्रयोग लावा, रांगा वाढवू नका.

सगळ्यांना कॉलर माईक भाड्याने घेणं परवडत नाही आणि इतके माईक सांभाळायला मुरलेला ध्वनिसंयोजक लागतो. चार-पाच मुख्य पात्रांना माईक, बाकीच्यांनी घसा कमवा. प्रत्येक माईकला फोमची टोपी हवीच. संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला की उघड्या माईकमधून नुसती फडफड ऐकू येते. बॅटरीवर चालणारा स्पीकर घेतलात तर विजेची अर्धी कटकट मिटते.

एक कसोटी: दिग्दर्शकाने शेवटच्या रांगेत पाठ करून बसायचं आणि पूर्ण तालीम फक्त ऐकायची. जिथे शब्द हरवतो तिथे संवाद छोटा करा.

८. कपडे, कान, ट्रिबल

सोनेरी-पिवळा, निळा, लाल अशा तीन रंगांचे पूर्ण बाह्यांचे साधे टी-शर्ट, काळी पँट, काळे बूट. बाह्यांना जांभळी नाक्यावरून आणलेली सोनेरी लेस. छातीवरचं चिन्ह फोम शीटचं. बस्स.

स्पॉकचे कान मात्र वेळ मागतात. तयार लॅटेक्सची टोकं ऑनलाइन मिळतात, ती स्पिरिट गमने, म्हणजे रंगभूषेसाठीच्या डिंकाने, लावायची. दोन दिवस आधी कोपराच्या आत थोडा गम आणि लॅटेक्स लावून त्वचा लाल होते का बघा. काहींना लॅटेक्सची ॲलर्जी असते. फेविक्विकला हात लावू नका, कातडी निघते. लावण्याआधी कान कोरडा पुसा, पावडर लावू नका, घाम टिपायला टिश्यू ठेवा, आणि एक जोडी जादा खिशात.

ट्रिबलसाठी खोट्या फरचं कापड, आत उशीतला फायबर. तांदूळ किंवा वाळू भरू नका, वरून पडताना लागतं. तळहाताएवढे, वेगवेगळ्या तपकिरी छटांचे. सोसायटीत एका दुपारी सगळ्यांना सुई-दोरा देऊन बसवलं की ढीग तयार होतो, आणि त्या दुपारी आलेले सगळे प्रयोगालाही येतात.

९. तारीख आणि ऊन

नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचाच काळ. लग्नाचे मुहूर्त बघून तारीख ठरवा, वरातीचा बँड दूरपर्यंत ऐकू येतो. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, फेब्रुवारीच्या मध्याला साडेसहानंतर. पावणेपाचला सुरू करून उजेडातच संपवा, म्हणजे प्रकाशयोजनेचा खर्चच नाही. उपवनसारख्या येऊरच्या पायथ्याशी असलेल्या जागी सूर्य डोंगराआड आधीच जातो, तिथे आणखी लवकर सुरू करा.

हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे कलतो. प्रेक्षकांची तोंडं उत्तरेकडे असतील तर ऊन त्यांच्या पाठीमागून तिरपं येतं, त्यांचे डोळे दिपत नाहीत आणि नटांचे चेहरे उजळतात.

१०. प्रयोगाच्या दिवशी

तीन तास आधी पोहोचा. परवानग्यांची फाइल एकाच माणसाकडे, आणि त्या माणसाला रंगमंचावर काम नको. कुणी विचारायला आलं तर तो बोलेल, बाकीचे नाटक करतील. प्रथमोपचार पेटी, पाण्याचे जार, डासांची क्रीम, जादा सेल, काळी चिकटपट्टी, सेफ्टी पिना. ज्येष्ठांसाठी मागे खुर्च्यांची एक रांग, पुढे सतरंज्या. वाटा मोकळ्या.

प्रयोग संपल्यावर लगेच आवरायला घेऊ नका. लोकांना यानात येऊन खुर्चीत बसू द्या. अंधार पडल्यावर डिसेंबर-जानेवारीत पूर्वेला मृग वर येतो, कुणाकडे दुर्बीण असेल तर दाखवा. त्यातल्या राजन्य ताऱ्याच्या पश्चिमेला ‘४० एरिडनी’ नावाचा मंद तारा आहे, सुमारे १६ प्रकाशवर्षांवर. स्पॉकचा ग्रह त्याच्याभोवती फिरतो असं मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी १९९१ मध्ये तीन खगोलशास्त्रज्ञांसोबत एका नियतकालिकाला कळवलं होतं. ट्रिबल फेकून दमलेली मुलंही हे ऐकायला थांबतात.

मग आवरणं. ट्रिबल मोजून पोत्यांत भरा. काही कमी भरतील, ते मुलांच्या खिशात गेलेत, जाऊ द्या. चिकटपट्टीचे तुकडे, पिना, चहाचे कप हाताने वेचा, मोकळ्या जागेचे फोटो काढा आणि तिथल्या कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्या. दुसऱ्या दिवशीच अनामत रकमेच्या परताव्याचा अर्ज द्या, सोबत मूळ पावती आणि ते फोटो. त्या अर्जावरही आवक क्रमांक घ्या.